इदालिनाच्या नावाचा कायदा

इदालिना रेझेंडीसच्या नावानं कायदा होणार, ही बातमी गावात पसरली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, तिला तुरुंगातच टाकणार आहेत. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. सरकारी बर्फाच्या मैदानावर ज्या बाईनं जन्मभर लोकांना दम देण्यापलीकडे काही केलं नाही, तिच्यावर एक दिवस हे उलटणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं.

पण कायदा होता तिच्या रजेचा. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये रीतच अशी आहे. सरकारी माणूस मोठ्या आजारानं आडवा झाला आणि त्याची आजारपणाची रजा संपली, तर त्याचे सहकारी आपल्या रजेतले दिवस काढून त्याला देऊ शकतात. मात्र ते दिवस टाकायला एक पेढी लागते, रजेची पेढी, आणि ती उघडायला साहेबाची सही पुरत नाही. त्या एका माणसाच्या नावानं बॉस्टनला विधानसभेत अख्खा कायदा पास व्हावा लागतो. बरं, तोही तातडीचा कायदा! म्हणजे कुठं पूर आला, कुठं आग लागली, तर जशी घाई करतात तशीच घाई इदालिनासाठी.

"सार्वजनिक सोयीसाठी तातडीनं," विधेयकाचा कागद वाचून इदालिना सहकाऱ्यांसमोर खो खो हसली होती. "मी! आणि सार्वजनिक सोय! नॉर्बर, हे पाकिटात घालून हॉकी खेळणाऱ्या पोरांच्या सगळ्या आयांना पाठव."

हसणं हे तिचं मुळी कामच नव्हे. हसू आणलं होतं गोळ्यांनी. रक्ताचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी अशा काही जबरदस्त गोळ्या सुरू केल्या, की ही कडक बाई पहाटे उठून फरशी पुसायची, गाणी म्हणायची आणि भांडता भांडता मध्येच हसत सुटायची. तिच्या धाकट्या बहिणीला, झुल्मिराला, आजारापेक्षा या हसण्याचीच जास्त धास्ती वाटे.

दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. झुल्मिरा विधवा, कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज बेकरीत गोड पाव भाजायची. इदालिना मैदानावर बर्फगाडी चालवायची. हॉकीचा डाव संपला की पोरांनी बर्फाची पार चाळण करून ठेवलेली असते. मग ही आपली अवजड गाडी घेऊन हळूहळू फेऱ्या मारणार आणि मागं नवाकोरा, गुळगुळीत बर्फ सोडत जाणार. गाडी फिरत असताना बर्फावर कुणाचं पाऊल पडलं तर मग बघायलाच नको. पाद्री असो नाहीतर पोलीस, तिच्या आवाजानं छतावरची कबुतरं उडायची.

आता डॉक्टरांचं म्हणणं असं, की झुल्मिराची अस्थिमज्जा काढून इदालिनाला द्यायची. दोघींचं उभ्या आयुष्यात कधी कशात जुळलं नाही, मिठाच्या चमच्यावरूनही नाही, आणि अस्थिमज्जा मात्र तंतोतंत जुळली! सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं, मग अर्धं वर्ष घराबाहेर पाय नाही. इदालिनाची स्वतःची रजा संपतच आली होती. रजा संपली की पगार बंद, पगार बंद की विमा बंद, आणि मग दवाखान्याचं बिल थेट घरावर.

"कायदा झाला तर जाईन," इदालिनानं जाहीर करून टाकलं होतं. "नाही झाला तर नाही. बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर विकून मला जगायचं नाही. विषय संपला."

सहकारी काही वाईट नव्हते. रात्रपाळीचा नॉर्बर थिबोडो हा तर गडगंज माणूस, रजेच्या बाबतीत. नोकरीला लागल्यापासून एक दिवस आजारी पडला नव्हता, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. त्यानं आपल्या साठ्यातून भलामोठा वाटा काढून ठेवला होता. बाकीच्यांनीही जमेल तसे दिवस बाजूला काढले होते. दिवस तयार, द्यायचे हात तयार, फक्त पेढी नव्हती. आमच्या आमदार बाईंनी विधेयक मांडलं, वरच्या सभागृहानं मंजूर केलं. आता खालच्या सभागृहाची गुरुवारची बैठक तेवढी उरली होती. त्यानंतरची बैठक थेट पुढच्या आठवड्यात, म्हणजे सोमवार उलटून गेल्यावर.

आणि गुरुवारच्या बैठकीत बसणार होता डेस्मंड किओहान.

आता हे जरा नीट ऐका. हिवाळ्यातल्या या किरकोळ बैठकांना सभागृह ओस असतं. दहा-पाच माणसं, तीही पेंगत. पण नियम असा, की एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी विधेयक आपटलं. म्हणून विरोधी पक्ष आपला एक माणूस तिथं कायम राखणीला बसवतो, कुणी गुपचूप काही दामटून नेऊ नये म्हणून. तो राखणदार म्हणजे शेजारच्या मतदारसंघाचा आमदार डेस्मंड.

याच डेस्मंडनं पंधरा वर्षांचा असताना अजिंक्यपद जिंकल्याच्या आनंदात इदालिनाची बर्फगाडी पळवली होती. डोक्यावर चषक ठेवून, दोस्तांना मागं लटकावून, आरोळ्या ठोकत त्यानं गाडी सरळ कडेच्या भिंतीत घातली. भिंत आडवी. लहान मुलांचे खेळ कितीतरी दिवस बंद. इदालिनानं त्याचा कान धरला, दारापर्यंत नेला आणि सांगितलं, "या दारातून पुन्हा आत यायचं नाही. कधीच नाही."

लोकांना वाटलं, बोलली रागाच्या भरात. छे! पोरगा मोठा झाला, वकील झाला, आमदार झाला, बंदी कायम. आता त्याची लेक तिथं खेळते, आणि दर शनिवारी सकाळी हा आमदार लाल नाकानं काचेच्या दाराबाहेर उभा राहून हातवारे करतो. डावीकडे सरक, डोकं वर, दे पास! आत शब्द ऐकू येत नाही. लेकीनं बापाच्या खाणाखुणा पाठ करून घेतल्यात. एक फोन फिरवला असता तर वरच्या साहेबांनी इदालिनाला गप्प केलं असतं. पण त्यानं तो कधी फिरवला नाही. "भिंत मी पाडली," म्हणायचा, "त्यांचं बरोबर आहे." लोक त्याला मतं द्यायचे त्यात या गोष्टीचाही वाटा होता.

तर गुरुवारी सकाळी हॉकी क्लबची पिवळी बस बॉस्टनला निघाली. नॉर्बर चालवत होता. मागं हॉकीवाल्या आया, मैदानावरचे लोक, बेकरीतल्या बायका, आणि मांडीवर मालासादांची, म्हणजे साखरेत घोळवलेल्या तळलेल्या गोड पावांची, पाटी घेऊन झुल्मिरा. साखरेनं सगळ्यांची तोंडं पांढरी झाली होती. इदालिना सगळ्यात पुढं बसून मोठमोठ्यानं गात होती.

"इदा, गाणं थांबव आणि माझं ऐक," नॉर्बर आरशातून म्हणाला. "डेस्मंडला फोन कर. म्हणावं, बंदी उठवली. संपलं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तो आज तिथं बसणाराय! त्यानं एकदा 'नाही' म्हटलं की आपण आलो तसे परत!"

"म्हणजे त्यानं गप्प बसावं म्हणून मी त्याला काहीतरी द्यायचं. याला काय म्हणतात, नॉर्बर? तूच सांग."

"समजूतदारपणा म्हणतात!"

"लाच म्हणतात, लाच! सरकारी नोकरानं आमदाराला दिलेली लाच. मी आजारी आहे रे, चोर नाही."

बसभर हसण्याची लाट उसळली. झुल्मिरा मात्र उखडली. "हिचं हे असंच! बाबा गेले तेव्हा पाद्रीशी घंटेवरून भांडली. अगं बाई, सोमवारी माझ्या कंबरेत सुया खुपसणार आहेत तुझ्यासाठी! तू एक फोन करू शकत नाहीस?"

"तुझी कंबर मोठी आहे, तिला काही कळायचं नाही."

"बघा! बघा कशी बोलते! आणि हिला मी माझी मज्जा देणार!"

"नको देऊ. मी मागितली होती का?" इदालिना म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. तिचं हसणं पाहून आया हसल्या, आयांचं पाहून नॉर्बर, आणि शेवटी नाइलाजानं झुल्मिराही. त्या नादात बस एक वळण चुकून दुसऱ्याच गावात गेली.

विधानसभेच्या सोनेरी घुमटाच्या इमारतीत शिरताना सगळ्यांचे आवाज आपसूक खाली आले. वरच्या सज्जात बसल्यावर खाली पाहतात तो काय, एवढं मोठं सभागृह आणि त्यात कुत्रंही नाही. अध्यक्षांच्या खुर्चीत एक गृहस्थ, पुढ्यात चष्मेवाले चिटणीस, इकडे तिकडे चार-सहा आमदार. उजवीकडच्या बाकांवर एकटा डेस्मंड, हातात पेन्सिल.

"कायदे इथं होतात?" एक आई कुजबुजली. "आमच्या पालकसभेला याहून जास्त लोक असतात."

चिटणीस पुटपुटायला लागले. काय पुटपुटत होते ते त्यांनाच ठाऊक. पुटपुट, हातोडी. पुटपुट, हातोडी. कुठल्या गावाला दारूचं दुकान मिळालं, कुठल्या पुलाला कुणाचं नाव मिळालं. सज्जातल्या मंडळींना पत्ताही लागेना की एक संपून दुसरं सुरू झालं. इदालिनाला परत हसू फुटायला लागलं. तिनं तोंडात मफलर कोंबला.

तेवढ्यात 'रेझेंडीस' एवढा एक शब्द नीट ऐकू आला आणि सगळी रांग ताठ झाली.

डेस्मंड उभा राहिला.

नॉर्बरनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. झुल्मिरानं इदालिनाचं मनगट असं आवळलं की तिथं वळ उठले.

"अध्यक्ष महोदय," डेस्मंड म्हणाला, "मला विरोध करायचा नाही. पण या विधेयकात माझा हितसंबंध आहे, तो सभागृहाला सांगणं माझं कर्तव्य आहे. श्रीमती रेझेंडीस यांनी मला त्यांच्या मैदानावर यायला कायमची बंदी घातलेली आहे."

चिटणीसांनी चष्मा काढला. अध्यक्ष पुढं वाकले. "कसली बंदी?"

"मी त्यांची बर्फगाडी भिंतीत घातली होती."

खालच्या चार-सहा आमदारांपैकी जे पेंगत होते ते जागे झाले.

"आता मी इथं गप्प बसून राहिलो," डेस्मंड मान खाली घालून म्हणाला, "तर लोक म्हणतील, बंदी उठावी म्हणून बसला. लेकीचा खेळ आतून बघायला मिळावा म्हणून बसला. आणि खरं सांगायचं तर, अध्यक्ष महोदय, मला तो बघायचा आहेच. तेव्हा हे विधेयक होईपर्यंत मी बाहेर जातो."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि तो दाराकडे चालायला लागला.

"जातोय!" नॉर्बरनं झुल्मिराच्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला. "बाहेर जातोय! आता अडवायला कोणीच नाही!"

पण खाली भलतंच चाललं होतं. चिटणीस अध्यक्षांच्या कानाशी लागले. अध्यक्षांनी कपाळ चोळलं. मग ते नाखुशीनं म्हणाले, "विरोधी बाक रिकामा असताना या सभागृहात काही मंजूर करायचं नाही, अशी आपली जुनी प्रथा आहे. प्रथा मोडणं बरं नाही. हे विधेयक पुढल्या बैठकीपर्यंत..." आणि त्यांनी हातोडी उचलली.

म्हणजे बघा! माणूस इतका सरळ, की त्याच्या सरळपणानंच सगळा घात केला. 'नाही' म्हणाला असता तरी हेच झालं असतं.

आणि त्या क्षणी इदालिनाला काय वाटलं, सांगू? हलकं वाटलं. छातीवरची धोंड उतरावी तसं. आता जायला नको. सोमवार नको, सुया नकोत, केस गळणं नको, दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत एकटं पडणं नको, मग महिनोन्‌महिने घरात कोंडून घेणं नको. कायदा झाला नाही, तिचा काय दोष? घरी जाऊन सूप प्यायचं आणि झोपायचं.

एवढं गोड वाटलं, की ती दचकली. हसू जागच्या जागी विरलं. इतके दिवस ती तत्त्वं सांगत होती, घराचं सांगत होती, लाचेचं सांगत होती. सगळं खरंच होतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी ती नुसती घाबरलेली होती. घाबरून मरायला निघाली होती, तेही ताठ मानेनं! स्वतःची तिला अशी काही चीड आली, की ती कठडा धरून उभी राहिली आणि छतावरची कबुतरं उडवणारा तो आवाज तिनं त्या सभागृहात सोडला.

"डेस्मंड किओहान!"

डेस्मंड दाराच्या चौकटीत जागीच थिजला. पंधराव्या वर्षी थिजला होता तसाच.

"बंदी उठणार नाही! ऐकलंस? तू गप्प बसलास तरी उठणार नाही आणि बोंबललास तरी उठणार नाही! कायदा होवो न होवो, मी जगो न जगो, तू बाहेरच! तुला यातून काडीचाही फायदा नाही! कळलं? मग आत ये आणि जागेवर बैस!"

हातोडी दाणदाण वाजली. "सज्जातून बोलायला मनाई आहे! बाईंना बाहेर न्या!" गणवेशातला एक धिप्पाड रखवालदार पायऱ्या उतरून आला आणि त्यानं अदबीनं इदालिनाचा दंड धरला. ती निघाली, पण मान मागं वळवून.

डेस्मंड दारातून परत येत होता. चेहरा लालबुंद, पण ओठ हसू दाबून दाबून वाकडे झालेले. बाकाशी पोचून त्यानं कोट सारखा केला. "अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "माझा हितसंबंध आत्ताच संपुष्टात आलेला आहे." आणि तो बसला.

पुढचं इदालिनाला दिसलं नाही. दार बंद झालं होतं. आतून पुटपुट ऐकू आली, मग हातोडी, मग पुन्हा पुटपुट, पुन्हा हातोडी. रखवालदार तिला संगमरवरी जिन्याशी घेऊन आला. "माझ्या नोकरीत सज्जातून बाहेर काढलेल्या तुम्ही पहिल्याच बाई," तो म्हणाला.

"मी लोकांना रोज काढते. सवय होते."

दार धाडकन उघडून नॉर्बर बाहेर आला, मागोमाग सगळी पलटण. "झाला! इदा, झाला! बहुतेक झाला!"

"बहुतेक म्हणजे?"

"अगं, तो चिटणीस इतकं पुटपुटतो! पण हातोडी वाजली!"

"हातोडी तर मला हाकलतानाही वाजली होती!"

एक आई म्हणे झाला, दुसरी म्हणे तो पुलाचा होता. त्यावरून दोघींची जुंपली. तेवढ्यात आतल्या दारातून डेस्मंड आला. जवळ आला नाही. लांब एका खांबाशी थांबला, सवयच होती बिचाऱ्याला.

"मिस रेझेंडीस," तो तिथूनच म्हणाला. "झाला. तुमच्या नावाचा कायदा झाला. संध्याकाळपर्यंत गव्हर्नरांची सही होईल. आणि बंदीचं... मला समजलं. काही वाटून घेऊ नका."

"मी कशाला वाटून घेऊ?" इदालिना म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "लेकीला सांग, फटका मारताना डावा खांदा पाडते. काचेबाहेरून तुला दिसत नसेल. मला गाडीवरून दिसतं."

डेस्मंडनं मान हलवली. तो वळून आत गेला, आणि मग त्या गंभीर इमारतीत आमच्या लोकांनी जो काही धुमाकूळ घातला, त्याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. नॉर्बर रखवालदाराच्या गळ्यात पडला. आयांनी भिंतीवरच्या जुन्या गव्हर्नरांच्या तसबिरींसमोर फेर धरला. बेकरीतल्या बायकांनी चिटणिसांच्या पुटपुटण्याची नक्कल केली आणि एकमेकींच्या नावानं कायदे पास केले.

इदालिना जिन्याच्या पायरीवर बसली. झुल्मिरा तिच्या शेजारी येऊन टेकली.

"झुल्मिरा," इदालिना समोर बघत म्हणाली, "तो बाहेर निघून गेला ना, तेव्हा मला बरं वाटलं गं. सुटले असं वाटलं. मला फार भीती वाटते. आता काही सबब उरली नाही."

आता ही भडकणार, हे धरूनच इदालिना बसली होती.

"मलाही," झुल्मिरा म्हणाली.

"काय, मलाही?"

"बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, सुया टळल्या." तिनं पदरासारखा ओढून घेतलेला शालीचा कोपरा तोंडाला लावला. "देवा रे, कसली बहीण मी! तू मरायला निघालेलीस, आणि मला माझ्या कंबरेची काळजी!"

इदालिनानं तिच्याकडे वळून पाहिलं. दोघींच्या तोंडावर साखर तशीच होती. आधी इदालिनाला हसू आलं, मग झुल्मिराला, आणि मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मग ते पाणी थांबेना, आणि त्यात किती हसणं आणि किती रडणं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. रखवालदार नॉर्बरच्या मिठीतून कसाबसा सुटून धावत आला.

"बाई, ठीक आहात ना? डॉक्टर बोलावू का?"

"नको," इदालिनानं बाहीला डोळे पुसले आणि बहिणीचा हात घट्ट धरला. "आम्ही दोघी एक नंबरच्या भित्र्या आहोत, एवढंच. पण सोमवारी आम्ही जाणार आहोत."